तुम्ही विचारलंत म्हणून: संकासुर आणि भांड्यांची पाळी

“बाई, तुम्ही आयुष्यभर मराठी शिकवलंत. तुकाराम शिकवलात, बाकीबाब शिकवलेत. मग दर वर्षी माणसं गोळा करून हा रक्त पिणाऱ्या भुतांचा सिनेमा का दाखवता? आणि समीक्षकांनी तरी तो एवढा डोक्यावर का घेतला?”

हा प्रश्न मला जुन्या विद्यार्थ्यांनी विचारलाय, शेजारणींनी विचारलाय, माझ्या सख्ख्या भावाने विचारलाय. गोव्यात डिचोलीच्या आमच्या घरी सोप्यावर पांढरी चादर ताणून आम्ही पंधरा-वीस जण सिनेमे बघतो. वर्षाला सात-आठ होतात. बाकीचे बदलतात, दिवाळीनंतरच्या रविवारचा हा एक मात्र ठरलेला असतो. विचारणाऱ्याला मी आजवर दोन वाक्यांत काहीतरी सांगून चहा आणायला आत गेले. गेल्या खेपेला एक माजी विद्यार्थिनी पायरीवर चपला घालता घालता थांबली आणि म्हणाली, “बाई, खरंच सांगा ना.” तिला तेव्हा सांगायला हवं होतं ते आता लिहिते.

सिनेमाचं नाव ‘व्हॉट वी डू इन द शॅडोज’. न्यूझीलंडचा, 2014 चा, जेमतेम दीड तासाचा. जेमेन क्लेमेंट आणि टायका वायटिटी ह्या दोन मित्रांनी तो मिळून लिहिला, मिळून दिग्दर्शित केला आणि दोघांनी त्यात कामंही केली. वेलिंग्टन शहरात एका जुन्या घरात चार रक्तपिशाच भाड्याने एकत्र राहतात. एक माहितीपट काढणारी मंडळी कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात येते. त्या मंडळींच्या गळ्यात क्रूस आहेत, आणि त्यांना चावायचं नाही असं वचन त्यांनी आधीच घेतलेलं आहे. मग पिशाचांचा दिनक्रम, म्हणजे रात्रक्रम, आपल्याला दिसत जातो.

पहिल्या काही मिनिटांतच घरात बैठक भरते. विषय: भांडी. वाटून दिलेली कामं आहेत, तक्ता आहे, आणि डीकन नावाच्या तरुण पिशाचाने आपली पाळी पाच वर्षं चुकवली आहे. तरुण म्हणजे वय 183. मोरीत रक्ताने माखलेल्या भांड्यांचा ढीग साचलाय. व्हियागो नावाचा दुसरा, वय 379, अत्यंत सभ्य आणि नीटनेटका. त्याचं म्हणणं इतकंच, की पाहुण्यांना घरी आणायचं तर घर बरं दिसायला नको का? ते पाहुणे चावण्यासाठीच आणलेले असतात, पण त्याच्या मनातली लाज आपल्या कुठल्याही घरातली आहे. चावायच्या आधी तो कोचावर वर्तमानपत्रं अंथरतो, डाग पडू नयेत म्हणून. आणि मग दात चुकून मोठ्या शिरेवर पडतो. पुढे सगळ्या खोलीत जे होतं ते बघून आमच्या सोप्यावरची माणसं आधी किंचाळतात आणि मग हसतात. अकरा वर्षांत हा क्रम एकदाही उलटा झालेला नाही.

तो क्रमच मला महत्त्वाचा वाटतो. पण आधी समीक्षकांचं.

जानेवारी 2014 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात हा सिनेमा पहिल्यांदा दाखवला गेला. चित्रपट-व्यवसायाची बातमी देणाऱ्या तिथल्या एका फार जुन्या पत्राच्या समीक्षकाला तो अशक्त वाटला. ज्या सिनेमांभोवती पुढे वेडे चाहते जमतात, त्यांच्या पंगतीत बसण्याइतका विक्षिप्त किंवा चतुर हा नाही, असा त्याचा निकाल होता. आणखीही काहींनी म्हटलं की ही एकाच विनोदाची गोष्ट आहे. आधी ह्याच दोघांनी ह्याच कल्पनेवर एक लघुपट केला होता, तोच ताणून लांबवला, असा त्यांचा रोख. पण बाकीच्या बहुतेक समीक्षकांनी मनापासून कौतुक केलं. त्याच वर्षी टोरांटोच्या महोत्सवात मध्यरात्री दाखवल्या जाणाऱ्या सिनेमांच्या विभागात प्रेक्षकांच्या मतांवर मिळणारा पुरस्कार ह्याला मिळाला. अमेरिकेतल्या थिएटरांत तो पोचवायला पैसे कमी पडले तेव्हा 2015 मध्ये लोकवर्गणी गोळा झाली. पुढे ह्याच कल्पनेवर अमेरिकन दूरदर्शन मालिका निघाली, ती 2019 ते 2024 अशी सहा पर्वं चालली. सिनेमात दोन भाबडे पोलीस येतात, त्यांच्यावर न्यूझीलंडमध्ये वेगळी मालिका झाली. त्या पहिल्या समीक्षकाचं भाकीत साफ चुकलं.

तरी त्याच्यावर मी रागावलेली नाही. त्याने पाहिलं ते खोटं नव्हतं. सिनेमाला सरळ कथानक नाही. प्रसंग येतात, जातात, मध्येच एखादा सैल पडतो. विनोदाला घड्याळ लावून बसलं तर दोन हशांमधल्या जागा त्याला रिकाम्या दिसल्या असणार. माझी तक्रार ज्यांनी कौतुक केलं त्यांच्याबद्दल अधिक आहे. किती हसलो हे सगळ्यांनी लिहिलं. मी जेवढ्या समीक्षा शोधून वाचल्या, त्यांत त्या रिकाम्या जागांत काय भरलंय हे फार थोड्यांनी लिहिलं.

व्हियागोचं उदाहरण घ्या. तो युरोपातून न्यूझीलंडला आला एका मुलीच्या प्रेमापोटी. कॅथरीन तिचं नाव. स्वतःला शवपेटीत घालून बोटीने पाठव असं त्याने नोकराला सांगितलं, आणि नोकराने टपालाचा हिशेब चुकवला. पेटी दीड वर्ष भलतीकडे फिरत राहिली. पोचेपर्यंत कॅथरीनचं लग्न झालेलं होतं, ती सुखात होती. व्हियागो तिथेच राहिला, दुरून बघत. आज ती नव्वदी ओलांडलेली, वृद्धाश्रमाच्या खिडकीत बसलेली बाई आहे. तो रात्री रस्त्यावर उभा राहून त्या खिडकीकडे बघतो, आणि तो अजून तसाच तरुण आहे. टपालाचा घोळ ऐकून लोक मोठ्याने हसतात. खिडकीपाशी गप्प होतात. मी मुद्दाम चादरीकडे न बघता माणसांकडे बघत बसते, म्हणून सांगू शकते.

काही जणांना वाटतं मी गोव्यात काढलेल्या त्या झोंबींच्या हिंदी सिनेमाबद्दल बोलते. तो ‘गो गोवा गॉन’, राज आणि डीके ह्या जोडीचा, 2013 चा. तो मी पाहिलाय, हसलेही. पण झोंबी आणि रक्तपिशाच ह्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. झोंबीला आठवण नसते, तो नुसता चालत येतो, त्याच्यापासून पळायचं. रक्तपिशाचाला मात्र सगळं आठवतं. कोणावर प्रेम केलं, कोण गेलं, कुठलं शतक कसं सरलं. झोंबीच्या सिनेमात विनोद पळणाऱ्या माणसांचा असतो. रक्तपिशाचाच्या चांगल्या सिनेमात तो खुद्द भुताचा असतो, आणि भुताचा विनोद करायला भुताचं मन माहीत असावं लागतं.

आता माझ्या बाबांकडे येते, कारण माझं खरं उत्तर तिथे आहे.

पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावात जत्रेच्या रात्री दशावतारी काला व्हायचा. अजून होतो. पायपेटी, मृदंग, झांज, आणि मांडवाच्या तोंडाशी खाज्यांची दुकानं. आधी सूत्रधार, मग गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव, आणि मग संकासुर. ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा राक्षस. डोक्यापासून पायापर्यंत काळा, चेहऱ्यावर काळं कापड, त्यावर पांढऱ्या रंगात काढलेले डोळे, बाहेर लोंबणारी लाल जीभ. तो सरळ रंगमंचावर येत नाही. प्रेक्षकांच्या मागून येतो, अंधारातून, मुलं बसलेली असतात तिथून. आईच्या कुशीत शिरून आम्ही डोळे घट्ट मिटायचो. आणि दुसऱ्याच क्षणी तो तोंड उघडायचा आणि गावच्या बोलीत बोलायला लागायचा. कोणाची म्हैस कोणाच्या शेतात गेली, पंचायतीचा दिवा किती दिवस बंद आहे, अमक्याच्या घरी माशाची कढी कशी पातळ असते. सगळा मांडव गडगडाटी हसायचा. मीही हसायचे, डोळे मिटूनच.

बारा-तेरा वर्षं आमच्या गावचा संकासुर माझे बाबा होते.

मला हे सहा वर्षांची होईपर्यंत माहीत नव्हतं. एका जत्रेत संकासुर धावत माझ्यासमोर आला, मी इतकी किंचाळले की श्वास अडकला, आणि तो वाकून माझ्या कानात म्हणाला, “भियेनाका गो, हांवूच तो.” भिऊ नको गं, मीच तो. आवाज बाबांचा होता. जीभ मात्र लोंबतच होती. त्या क्षणी माझी भीती गेली का? नाही गेली. मला आवाज कळला, तरी मी त्या काळ्या कापडाला हात लावला नाही. हसू आलं, भीतीही राहिली, दोन्ही एकाच वेळी छातीत. पहाटे दहीहंडी फुटली, उजाडलं, आणि तोंड धुऊन खाज्यांची पुडी घेऊन बाबा घरी आले तेव्हा कुठे मी त्यांच्या मांडीवर बसले.

पुढे शाळेत नवरस शिकवताना भयानक आणि हास्य हे दोन रस फळ्यावर वेगवेगळ्या रकान्यांत लिहायचे, आणि दर वर्षी मला वाटायचं की हे दोन रकाने आमच्या गावच्या मांडवात कधीच वेगळे नव्हते. भयपट आणि विनोदपट ह्यांची तोलणी करणारे समीक्षक बहुतेकदा तराजूची दोन पारडी मांडतात: भीती इतकी, हसू इतकं, समतोल साधला किंवा नाही साधला. संकासुराला असं मोजता येत नाही. तो हसवतो कारण तो भीतीदायक आहे. काळं कापड काढून तीच म्हशीची गोष्ट कोणी सांगितली असती तर कोणी वळूनही बघितलं नसतं.

2015 मध्ये पुण्याहून आलेल्या भाच्याने त्याच्या लॅपटॉपवर मला हा सिनेमा पहिल्यांदा दाखवला. पीटर नावाचा चौथा पिशाच त्यात आहे, वय आठ हजार. तो तळघरात दगडी पेटीत राहतो, बोलत नाही, टकलू, लांब कान, उंदरासारखे पुढचे दात. हे रूप आलंय 1922 च्या मुर्नाव ह्या जर्मन दिग्दर्शकाच्या मूकपट ‘नोस्फेराटू’वरून. ब्रॅम स्टोकरच्या 1897 च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवर तो बेतला होता, परवानगी न घेता. स्टोकरच्या विधवेने दावा लावला, कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या, आणि तरी काही वाचल्या. सूर्याचा प्रकाश पडला की पिशाच नाहीसा होतो, हे त्या मूकपटाने रूढ केलं. स्टोकरचा ड्रॅक्युला तर दिवसाउजेडी लंडनमध्ये फिरतो. वायटिटी आणि क्लेमेंट ह्यांना हे सगळं तोंडपाठ आहे आणि त्यातला एकही नियम ते मोडत नाहीत. बोलावल्याशिवाय पिशाचाला आत जाता येत नाही, म्हणून बिचारे नाइट क्लबच्या दारात उभे राहून दारवानाने ‘या’ म्हणायची वाट बघतात. आरशात दिसत नाहीत, म्हणून बाहेर जाताना एकमेकांना विचारून कपडे ठीक करतात. ह्या नियमांची कुठे टिंगल नाही, ते जसेच्या तसे पाळले म्हणूनच हसू येतं. आणि पीटरवर ऊन पडतं, तेव्हा ते ऊन खरंच मारतं. मघापर्यंत हसणारी आमची माणसं तिथे चुकचुकतात.

मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा पीटरच्या तळघरात मला आमचा मांडव दिसला.

बाबांना मी तो 2018 च्या पावसाळ्यात दाखवला. ऐंशी वर्षांचे झाले होते, गुडघे गेले होते, डिचोलीला माझ्याकडे होते. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. मी शेजारी बसून वाक्यावाक्याला थांबवून सांगत होते. दीड तासाचा सिनेमा आम्ही दोन दुपारी मिळून पाहिला. मला वाटलं होतं ते कंटाळतील. ते एखाद्या जुन्या कसबी माणसाने दुसऱ्याचं काम बघावं तसे बघत होते. पीटर पहिल्यांदा दिसला तेव्हा म्हणाले, साज बरा बसलाय. व्हियागो भांड्यांवरून तळमळत होता तेव्हा बराच वेळ गप्प राहून म्हणाले, “हो हांसना, देखून आमी हांसतात.” हा हसत नाही, म्हणून आपण हसतो.

मी वाचलेल्या सगळ्या समीक्षांत मला ह्याहून नेमकं वाक्य सापडलं नाही.

मग मी त्यांना सांगितलं की ह्या दोघांनी पटकथा लिहिली होती, पण नटांच्या हातात दिली नाही. प्रसंग सांगायचा आणि बोला म्हणायचं. अशी सव्वाशे तासांच्या आसपासची चित्रफीत जमली आणि त्यातून दीड तास निवडला. बाबा उठून बसले. दशावतारात तरी कुठे कागद असतो? आख्यान ठरतं, कोण कोणाचं सोंग घेणार ते ठरतं, आणि बाकी रात्रभर तोंडातून येईल ते. त्यांना त्या दोघांबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली. कुठले म्हणालीस, असं पुन्हा विचारलं. मी नकाशा दाखवला. वायटिटीचे वडील माओरी, तिथल्या मूळ लोकांपैकी, हेही सांगितलं. बाबा म्हणाले, म्हणजे त्यांच्या गावातही कोणीतरी असणार रात्री सोंग घेणारा.

ज्यांनी ह्या सिनेमाला एकाच विनोदाचा म्हटलं, त्यांना मी हेच सांगेन. संकासुराचंही एकच सोंग असतं. दर जत्रेला तेच कापड, तीच जीभ, शेवटी तोच विष्णू येऊन त्याला मारणार. लोक त्या सोंगातून ह्या वर्षी काय निघतं ते ऐकायला येतात. वायटिटी-क्लेमेंटच्या सोंगातून भाडेकरूंची भांडणं निघाली, म्हातारपण निघालं, परदेशात रुतून बसलेल्या माणसांचं एकटेपण निघालं. हे चौघे युरोपातून आलेले, जुन्या सरंजामी कपड्यांत आणि जुन्या सवयींत अडकलेले. आखातातून वीस वर्षांनी परतलेले माझे दोन शेजारी हा सिनेमा माझ्याहून अधिक समजून बघतात.

त्यात मला खटकणारं एक आहे आणि तेही सांगते. बाईला ह्यात जागा फार थोडी. एक जॅकी आहे, ह्या पिशाचांची सेविका. त्यांच्या झालरींच्या सदऱ्यांना इस्त्री करते, रक्ताचे डाग काढते, त्यांच्यासाठी माणसं शोधून आणते, आणि कधीतरी आपल्यालाही अमर करतील ह्या आशेवर वर्षानुवर्षं थांबते. मी पुरुष असते तर केव्हाच चावलं असतं, असं ती वैतागून म्हणते. आमच्याकडच्या बायका ह्या वाक्याला सर्वांत मोठ्याने हसतात, आणि त्या हसण्यात काय काय असतं ते सांगायला नको. जॅकीला आणखी वीस मिनिटं मिळाली असती तर सिनेमा मोठा झाला असता. भांड्यांची बैठक पुरुषांची, आणि भांडी अखेर कोणाच्या वाट्याला येतात हे जॅकीला ठाऊक असणार. मी वाचलेल्या समीक्षांत ह्यावर कोणी फार थांबलेलं दिसलं नाही.

“आपल्याकडे कुठे असतात रक्तपिशाच?” हाही प्रश्न येतो, आणि हल्ली तो ‘थामा’मुळे येतो. आदित्य सरपोतदार ह्या मराठी दिग्दर्शकाचा हिंदी सिनेमा, 2025 च्या दिवाळीत आला. ह्याच सरपोतदारांचा कोकणातल्या मुंज्यावरचा ‘मुंज्या’ आदल्या वर्षी लोकांनी उचलून धरला होता. ‘थामा’बद्दल मात्र समीक्षकांची मतं विभागली. त्यात रक्त पिणारे ते बेताळ. फाळणीत माणसांनी माणसांचं सांडलेलं रक्त पाहून ह्या बेताळांनी माणसाचं रक्त पिणं सोडलं, अशी त्यात कल्पना आहे. ही एकच कल्पना मला अख्ख्या सिनेमाहून मोठी वाटली. त्यावर थांबायला हवं होतं. सिनेमा पुढच्या गाण्याकडे धावला.

पण बेताळ म्हणजे रक्तपिशाच हे समीकरण आलं कुठून? आमच्या डिचोली तालुक्यात आमोण्याला बेताळाचं देऊळ आहे. काणकोणात पैंगीणला आहे, लोलयेला आहे. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला लोक भल्या मोठ्या चामडी वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात. हा भुतांचा राजा खरा, पण आमचा राखणदार. संस्कृत कथेतला वेताळ विक्रमाच्या खांद्यावर बसून कोडी घालतो, राजाचं मौन मोडतो आणि पुन्हा झाडाला जाऊन लटकतो. तो कोणाचं रक्त पीत नाही. त्याला व्हँपायर हे नाव इंग्रजीत रूढ केलं रिचर्ड बर्टनने. 1870 साली त्याने वेताळकथा इंग्रजीत आणल्या त्या ‘विक्रम अँड द व्हँपायर’ ह्या नावाने. हाच बर्टन तरुणपणी गोव्यात येऊन गेला होता आणि 1851 मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं होतं. पुढे ब्रॅम स्टोकरची आणि त्याची भेट झाली. बोलताना बर्टनचा वरचा ओठ वर जाई आणि सुळा खंजिरासारखा चमके, असं स्टोकरने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. ड्रॅक्युलाच्या सुळ्यांत बर्टनचा सुळा किती हे कोणी सांगावं. पण आमच्या बेताळाला परक्या दातांची कवळी त्याच काळात बसली, आणि दीडशे वर्षांनी ती आमच्याच सिनेमातून परत आली. त्या वहाणांवर, त्या रात्रीच्या गस्तीवर, देवचार नावाच्या राखणदार भुताच्या घुंगुरकाठीवर कोणीतरी हसरा सिनेमा करावा असं मला फार वाटतं. करणाऱ्याने आधी एखादी रात्र आमोण्याच्या देवळाबाहेर काढावी.

बाबांचं राहिलं.

दुसऱ्या दुपारी आम्ही तो प्रसंग पाहिला ज्यात स्टू येतो. स्टू हा साधा माणूस, संगणकावर काम करणारा. पिशाचांना तो इतका आवडतो की त्याला चावायचं नाही असं सगळे मिळून ठरवतात. तो त्यांना इंटरनेट दाखवतो. आणि त्या छोट्या पडद्यावर ते सूर्योदय बघतात. शेकडो वर्षांत पहिल्यांदा. फार लांबवलेला प्रसंग नाही, डोळ्यांतून निसटू शकेल. मी दर वर्षी त्याच्यासाठी थांबते.

बाबांनी मला तिथे थांबव म्हटलं. पुन्हा लाव म्हटलं. मी लावलं. पुन्हा एकदा लावलं. मग ते म्हणाले, “सुर्य आयलो, खेळ सोंपलो.” पुढचं त्यांनी बघितलं, पण फार बोलले नाहीत. व्हियागो कॅथरीनला परत भेटतो तो शेवट मी भाषांतर करून सांगत होते, आणि ते मान हलवत होते.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला होता. पाचला मला हाक आली. त्यांना उठून बाहेर बसायचं होतं. मी आणि भावाने खुर्ची अंगणाकडच्या पायरीवर आणली, त्यांच्या खांद्यावर शाल घातली. समोरच्या माडांच्या मागे आभाळ पांढरं व्हायला लागलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा चोळला, वरून खाली, रंग उतरवताना चोळायचे तसा, आणि विचारलं, चहा झाला का गो.